पैसे भरायच्या आधी मला विचार

अगं, ते कार्ड आधी पर्समध्ये परत ठेव. तुझा मेसेज वाचला, सोबतचा स्क्रीनशॉटही बघितला. आठ पानांच्या एका लेखाचे ४२ डॉलर, म्हणजे दीडशे दिरहमच्या वर, आणि तोसुद्धा ४८ तासांपुरताच उघडणार! वर तू लिहितेस, ‘ताई, असे अजून तीस-पस्तीस आहेत, माझ्याच्याने हे काही होईलसं वाटत नाही.’ होईल, चांगलं होईल. फक्त आजपासून एक नियम पाळायचा. पैसे भरायच्या बटणाला हात लावण्याआधी मला विचारायचं.

लग्नाआधी मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करायचे, हे तुला माहीतच आहे. तरी दुबईत आल्यावर एकदा घाईघाईने असाच एक लेख विकत घेतला आणि रात्री कळलं, की तोच लेख लेखकाच्या विद्यापीठाच्या पानावर फुकट ठेवलेला होता. आमच्या घरी अजूनही मी काही महाग आणलं की ‘याची पीडीएफ मिळत नव्हती का?’ असं विचारतात. विचारू देत. पण बघ, ग्रंथालयशास्त्र शिकलेली बाई जिथे फसते, तिथे तू गोंधळलीस यात नवल काय?

आणि तुझा पीएच.डी.चा विषय किती छान आहे गं! इथे खिडकीतून रास अल खोरची खाडी, तिकडे माहेरी ठाण्याची खाडी, आणि दोन्हीकडे फ्लेमिंगो. रास अल खोर २००७ मध्ये पाणथळींच्या रामसर यादीत आलं, ठाणे खाडी २०२२ मध्ये. इथे जास्त करून मोठा फ्लेमिंगो, तिथे जास्त करून छोटा. मे २०२४ मध्ये दुबईहून मुंबईला उतरणाऱ्या विमानाला धडकून घाटकोपरजवळ तीसहून जास्त फ्लेमिंगो मेले, त्या बातमीनंतर तू हा विषय घेतलास, हे मला आठवतंय. दोन्ही खाड्या पाहिलेली, दोन्हीकडची भाषा आणि माणसं कळणारी मुलगी हा विषय सोडणार, तेही पीडीएफ उघडत नाही म्हणून? मी असताना नाही.

आता आधी हे समजून घे, की ती पैशांची भिंत तुझ्यामुळे नाही. लेख लिहिणारा शास्त्रज्ञ प्रकाशकाकडून पैसे घेत नाही. तो तपासणारे दुसरे शास्त्रज्ञही घेत नाहीत. बहुतेक संशोधनाचा खर्च सरकार करतं, म्हणजे तू-मी करतो. डाळ-तांदूळ आपले, रांधणारे हात आपले, आणि शेवटी पाटावर बसायचे पैसेही आपल्यालाच मागायचे, असा हा प्रकार आहे. एल्सव्हिअर हे बडं प्रकाशनगृह ज्या कंपनीचं आहे तिच्या विज्ञान-प्रकाशन विभागात शंभर रुपयांच्या विक्रीमागे पस्तीसच्या वर नफा उरतो. कॅलिफोर्निया विद्यापीठासारखं धनाढ्य विद्यापीठ २०१९ मध्ये त्यांच्याशी फाटल्यावर दोन वर्षं त्यांच्या वर्गणीशिवाय राहिलं, मग २०२१ मध्ये नवा करार झाला. त्यांना परवडेना, तिथे तू घरखर्चातून काय भरणार?

तुझ्या हातात काय आहे ते सांगते. भारत सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना तू नुसती ऐकली असशील. मंत्रिमंडळाने ती २५ नोव्हेंबर २०२४ ला मंजूर केली आणि १ जानेवारी २०२५ पासून ती सुरू झाली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० मोठे प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल्स, आणि ती वाचायला ६,३०० हून जास्त सरकारी संस्था. सगळा कारभार गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राकडे. तुझी नोंदणी पुणे विद्यापीठाची, म्हणजे राज्य सरकारच्या विद्यापीठाची. तेव्हा ज्या लेखाचे ४२ डॉलर तू भरणार होतीस, त्याचे पैसे तुझ्या नावाने आधीच भरलेले असण्याची बरीच शक्यता आहे. कपाळावर हात मारून घेऊ नकोस, बहुतेक विद्यार्थ्यांना हे कुणी सांगतच नाही.

यात अडचण एवढीच, की हा हक्क माणसाला नाही, संस्थेला मिळतो. संस्थेच्या आवारातल्या नेटवरून जर्नल आपोआप उघडतं, कारण तिथला पत्ता प्रकाशकाला माहीत असतो. रास अल खोरमधल्या तुझ्या वायफायला तो कशाला ओळखेल? त्यासाठी दुसरं दार असतं. ग्रंथालय तुझं नाव नोंदवून लॉगिन देतं, इन्फ्लिबनेटची ‘इन्फेड’ नावाची व्यवस्था ‘ही आमची विद्यार्थिनी’ असं प्रकाशकाला कळवते आणि घरबसल्या लेख उघडतो. ते लॉगिन तू मागितलंस का? नाही ना? मला वाटलंच.

आज संध्याकाळी मेल लिही. गाइडला नाही, थेट ग्रंथपालांना, गाइडना प्रत. पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, विभाग किंवा संशोधन केंद्र, गाइडचं नाव, ‘मी सध्या दुबईत राहते, मला इन्फेडचं दूरस्थ लॉगिन हवं आहे’. बस्स. त्यात तुझी आख्खी कर्मकहाणी नको, मुलाचा ताप नको, नवऱ्याची बदली नको. आणि एक गोष्ट बघून घे, तुझं संशोधन केंद्र विद्यापीठाचा विभाग आहे की खासगी कॉलेज? या योजनेच्या पहिल्या टप्प्यात सरकारी संस्थाच आहेत. कॉलेज त्यात बसत नसेल तर ‘एन-लिस्ट’चं सभासदत्व आहे का ते विचार, कॉलेजांसाठीची ती जुनी सोय आहे आणि तिचंही लॉगिन मिळतं. लॉगिन मिळालं म्हणून हावरटासारखे एका बैठकीत दोनशे लेख उतरवत बसू नकोस हं. प्रकाशकांची यंत्रं ते टिपतात आणि कधीकधी सगळ्या संस्थेचंच दार बंद करतात. मग ग्रंथपाल तुला शोधत येतील, आणि माझं नाव सांगशील तर बघ!

ही योजना मला आवडते, तरी एक बोच आहे. सहा हजार कोटी शेवटी त्याच तीस प्रकाशकांच्या घरी जाणार. आणि ज्याच्या मागे संस्था नाही, त्याला त्यातलं काही नाही. निवृत्त प्राध्यापक, तालुक्याच्या गावचा हौशी पक्षीनिरीक्षक, शाळेतली शिक्षिका, सगळे बाहेरच. उद्या तुझी पीएच.डी. झाली की तुझंही लॉगिन जाईल. म्हणून बाकीची दारं आत्ताच ओळखून ठेव.

ब्राउझरला ‘अनपेवॉल’ नावाचं छोटं एक्स्टेन्शन जोड, फुकट आहे. लेखाची कायदेशीर मोफत प्रत कुठे ठेवलेली असेल तर कडेला हिरवं उघडं कुलूप दिसतं, त्यावर टिचकी मारायची. गूगल स्कॉलरवर लेखाच्या खाली ‘ऑल व्हर्जन्स’ असतं, तिकडे कुणी बघतच नाही आणि माल तिथेच असतो. जेस्टोरवर स्वतःच्या ईमेलने खातं उघडलंस तर महिन्याला १०० लेख ऑनलाइन वाचता येतात. ‘वॉटरबर्ड्स’ हे जर्नलही तिथे आहे, म्हणजे तुझं कामच झालं. ‘सोरा’ नावाचं पक्षीशास्त्राचं भांडार तर सगळ्यांना खुलं आहे. आणि हे सगळं करूनही नाही मिळालं तर लेखकाला मेल कर. लाजू नकोस गं. ‘तुमचा अमुक लेख मला माझ्या कामासाठी हवा आहे, प्रत पाठवाल का?’ एवढ्या दोन ओळी. आपलं लिहिलेलं कुणीतरी खरंच वाचायला मागतंय, याचा त्या बिचाऱ्यांना केवढा आनंद होतो! बरेच जण त्याच दिवशी पाठवतात, वर आणखी दोन लेख जोडून.

तुझ्या विषयाचं तर बघ, सोनं उघड्यावर पडलंय. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं जर्नल १८८६ पासून निघतं. त्याचे बरेच जुने खंड ‘बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी’वर पानन्‌पान स्कॅन करून ठेवलेत. पैसे नाहीत, लॉगिनही नाही. सालिम अलींनी कच्छच्या रणातल्या फ्लेमिंगोंच्या वसाहतीवर १९४५ च्या सुमारास याच जर्नलमध्ये लिहिलं. हे मूळ पानावर वाच, कुणाच्या तरी संदर्भावरून उचलू नकोस. मौखिकीला तो फरक कळतो. ठाण्याच्या खाडीवरची मिठागरं, कोळी, मासळी यांवर प्रकरण लिहिणार आहेस ना? मग १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर काढ, तेही महाराष्ट्र शासनाने ऑनलाइन ठेवलंय. साहेबाच्या नजरेने लिहिलंय, म्हणून थोडं सावधपणे वाचायचं, पण खाडीची माहिती भरपूर.

इकडच्या बाजूचं म्हणशील तर अबुधाबीच्या एमिरेट्स नॅचरल हिस्टरी ग्रुपचं ‘ट्रिब्युलस’ आहे. १९९१ पासून निघतं आणि त्याच्या पीडीएफ मोफत मिळतात. या देशातले पक्षी, खारफुटी, वाळूतले किडे, सगळं हौशी आणि जाणत्या लोकांनी मिळून नोंदवलेलं. रामसरच्या संकेतस्थळावर दोन्ही खाड्यांची माहितीपत्रकं आहेत. पक्ष्यांच्या नोंदी ‘ई-बर्ड’वर आणि ‘जीबीआयएफ’वर. एवढं जमवलंस की तुझ्या तीस-पस्तीस लेखांतले निम्मे तुला लागणारच नाहीत, बघ तू.

आणि शोधगंगा! आपल्याकडचे पीएच.डी.चे प्रबंध डिजिटल स्वरूपात द्यायचा नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, २००९ मध्ये केला, आणि आज तिथे पाच लाखांहून जास्त प्रबंध जगात कुठूनही फुकट वाचता येतात. तुझ्याआधी ठाणे खाडीवर कुणी काय केलंय ते आधी तिथे बघ, नाहीतर दोन वर्षांनी कळेल की तुझं तिसरं प्रकरण कुणीतरी आधीच लिहून ठेवलंय. मराठीतले प्रबंध शोधताना मात्र चिकाटी लागते. कितीतरी प्रबंध नुसते स्कॅन केलेत, कितीतरी जुन्या फॉन्टमध्ये टंकलेत, त्यामुळे आतला शब्द शोधाला सापडतच नाही. मग विद्यापीठ, विभाग, वर्ष असं उतरत जायचं आणि अनुक्रमणिका डोळ्यांनी वाचायची. कंटाळवाणं आहे, पण भाजी निवडता निवडता होतं, मी केलंय.

आता तू जे विचारलं नाहीस पण मनात आहे, ते. साय-हब. कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाक्यान या मुलीने २०११ मध्ये सुरू केलेली ती साइट, तिच्यावर कोट्यवधी लेख फुकट. एल्सव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटीने डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने ती भारतात बंद करायला सांगितली. यावर मी तुला नीतीचा धडा देणार नाही. आपल्याकडचे कितीतरी प्रबंध तिच्या जिवावर उभे राहिले, हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. पण तू राहतेस कुठे ते लक्षात ठेव. इथल्या सायबर कायद्यात गुन्हा करायला किंवा लपवायला व्हीपीएन वापरलं तर ५ लाख ते २० लाख दिरहम दंड आहे. विद्यापीठाने अधिकृत कामासाठी दिलेलं व्हीपीएन वेगळं आणि मैत्रिणीने सांगितलेलं फुकटचं अॅप वेगळं. चार पीडीएफसाठी नवऱ्याच्या व्हिसाला घोर लावून घेऊ नकोस. सरळ दारांनी एवढं मिळत असताना त्या भानगडीत पडायचंच कशाला?

घरात बसून होत नाही म्हणतेस, ते मात्र मला पूर्ण पटतं. घरात लॅपटॉप उघडला की डोअरबेल वाजलीच पाहिजे, असा काही नियम असावा. मग बाहेर पड. खाडीच्या पलीकडे अल जद्दाफला मोहम्मद बिन रशीद लायब्ररी आहे, जून २०२२ मध्ये उघडली. कुराण ठेवायची घडीची लाकडी तिवई असते ना, रेहल, त्या आकाराची ती सात मजली इमारत. छापील आणि डिजिटल मिळून अकरा लाखांच्या आसपास पुस्तकं. नियतकालिकांचा वेगळा विभाग आहे, नकाशांचाही आहे. प्रवेशाचे आणि सभासदत्वाचे नियम त्यांच्या साइटवर बघून जा, ओळखपत्र ने, आणि एसी इतका कडक असतो की शाल ने. पहिल्यांदा मी तिथली भव्यता बघूनच दडपले होते आणि वाचायचं सोडून नुसती फिरत बसले. तू तसं करू नकोस. पहिल्याच दिवशी तिथल्या ग्रंथपालाच्या टेबलाशी जा आणि सांग, मी रास अल खोरच्या पाणथळीवर काम करते, तुमच्याकडे काय आहे? ग्रंथपाल लोकांना कुणी प्रश्नच विचारत नाही गं, सगळे वायफायचा पासवर्ड विचारतात.

आता तुझ्या दुसऱ्या घोराकडे येऊ, पेपर छापायचा. व्हॉट्सअॅपवर तुला आलेली जाहिरात मी ओळखते, कारण मलाही येते. ‘४८ तासांत प्रकाशन, आयएसएसएन, इम्पॅक्ट फॅक्टर, प्रमाणपत्रासह, फक्त अमुक रुपये.’ अगं, ४८ तासांत कुणी तुझा लेख वाचून तरी होईल का? आयएसएसएन हा नियतकालिकाचा निव्वळ नोंदणी क्रमांक आहे, दर्जाचा दाखला नाही. आणि तो इम्पॅक्ट फॅक्टर तर बऱ्याचदा त्यांनी स्वतःच स्वतःला दिलेला असतो.

ही बाजारपेठ कशी फुगली ते पुण्याच्याच गोष्टीवरून कळेल. प्राध्यापकांच्या बढतीला पेपर मोजायला लागल्यापासून पेपरांची दुकानं निघाली. यूजीसीने मान्य जर्नल्सची यादी केली, तर दुकानदारच त्या यादीत घुसले. पुणे विद्यापीठात भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली जर्नल्स नमुन्यादाखल तपासली आणि २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये लिहिलं, की इतर कुठल्या सूचीत नसलेल्यांपैकी ८८ टक्क्यांहून जास्त हलक्या दर्जाची निघाली. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने ४,३०५ जर्नल्स यादीतून काढली. मग २०१९ मध्ये ‘यूजीसी-केअर’ ही नवी यादी आली, तिचं काम पुणे विद्यापीठातूनच चालायचं. भारतीय भाषांतल्या नियतकालिकांनाही त्यात जागा होती, ते चांगलं झालं. पण भामटे पुढेच. यादीतल्या छापील, साध्या, वेबसाइट नसलेल्या नियतकालिकांच्या नावाने खोट्या वेबसाइट उघडल्या आणि पैसे गोळा केले. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने केअरची यादीच बंद केली. आता दर्जा कसा तपासायचा याचे निकष दिलेत, ठरवायचं संस्थेने आणि तू.

माझं मत विचारशील तर यादी गेली याचं मला फार वाईट वाटत नाही. यादी असली की माणसं जर्नल वाचायचं सोडून यादी वाचतात. पण एका रात्रीत काठी काढून घेतली आणि विद्यार्थ्यांना ‘चाला’ म्हटलं, हेही बरं नाही झालं. तुझ्यासारख्या दूर राहणाऱ्या मुलींनी विचारायचं कुणाला?

मला विचार. जर्नलचे मागचे दोन अंक काढून त्यातला एकेक लेख खरोखर वाच. तुझ्या संदर्भयादीत त्या जर्नलमधलं काहीच नसेल, तर तिथे तुझं काम काय? संपादक मंडळातल्या एका माणसाला त्याच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर मेल टाक, ‘आपण या मंडळावर आहात ना?’ कितीदा उत्तर येतं, की मला माहीतच नाही! लेखाचा डीओआय, म्हणजे त्याचा कायमचा ओळखक्रमांक, टाकून तो खरंच उघडतो का बघ. खुल्या जर्नल्ससाठी ‘डीओएजे’ची सूची आहे, २००३ पासून चालते, त्यात नाव शोध. आणि गाइडकडून ‘इथे पाठवायला हरकत नाही’ हे मेलवर घे, फोनवर नको.

मोठं नाव दिसलं म्हणूनही हुरळून जायचं नाही. वायलीने २०२१ मध्ये हिंदावी हे प्रकाशनगृह जवळपास ३० कोटी डॉलरला घेतलं आणि २०२३ या एका वर्षात हिंदावीचे ८,००० हून जास्त लेख मागे घ्यावे लागले. बरेचसे ‘विशेषांकां’तले. तुला आलेलं ‘विशेषांकासाठी सन्माननीय निमंत्रण’ त्या जातीचं असू शकतं, तेव्हा नुसत्या ‘डिअर एमिनंट प्रोफेसर’ने विरघळू नकोस. मी विरघळले होते. घरी दोन दिवस मलाच एमिनंट प्रोफेसर म्हणून चहा मागत होते.

आणि पेपर छापायला पैसे भरावेच लागतात हा गैरसमज तर काढूनच टाक. लेखकाकडून पैसे घेऊन लेख सर्वांना खुला करायचा, ही एक पद्धत झाली. ‘नेचर’ने ती सुरू केली तेव्हा दर ९,५०० युरो होता, म्हणजे साडेआठ लाख रुपयांच्या घरात. पण वर्गणीवर चालणारी बहुतेक जर्नल्स लेखकाकडून काहीच घेत नाहीत. लेख स्वीकारला गेला की तुझी स्वतःची वर्डमधली अंतिम प्रत तू विद्यापीठाच्या भांडारात ठेवू शकतेस का, कधीपासून, हे ‘ओपन पॉलिसी फाइंडर’वर (आधीचं ‘शेर्पा रोमियो’) जर्नलचं नाव टाकलं की कळतं. म्हणजे खर्च शून्य, आणि पुढे तुझ्यासारखीच कुणीतरी मुलगी हिरवं कुलूप बघून तुझा लेख उघडेल. शिवाय अशीही जर्नल्स आहेत जी वाचकाकडूनही घेत नाहीत आणि लेखकाकडूनही नाही. ती संस्था चालवतात, मंडळं चालवतात, थोडी हळू चालतात. मला तीच जास्त आवडतात.

मुळात घाई कुणाला आहे? तुझी नोंदणी ७ नोव्हेंबर २०२२ नंतरची. त्या दिवशी आलेल्या यूजीसीच्या नव्या नियमांत प्रबंध द्यायच्या आधी पेपर छापलाच पाहिजे ही सक्ती राहिलेली नाही. विद्यापीठाने स्वतःचा वेगळा नियम ठेवलाय का तेवढं लेखी विचारून घे, पण ‘पेपर नाही तर पीएच.डी. नाही’ असं तुझी सिनियर म्हणाली म्हणून रात्रभर जागू नकोस. तिचे नियम जुने होते. मुदतीचंही तसंच. सहा वर्षं, मग पुनर्नोंदणीने आणखी दोन, आणि बायकांना त्यावर दोन वर्षांची सवलत, एकूण दहाच्या आत. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांची रजा मिळते, ती मागायची असते, कुणी आणून देत नाही. तू ती मागितलीस का, हे मी आत्ता विचारत नाही, कारण उत्तर मला माहीत आहे. ग्रंथपालांच्या मेलनंतर दुसरी मेल ती.

सोमवारी पोरगं शाळेत गेलं की साडेआठला पुण्याला फोन लाव. तिथे दहा वाजलेले असतात, माणसं जागेवर असतात आणि चहा अजून यायचा असतो, तेवढ्यात बोलून घ्यायचं. तुझ्या दुपारी तीनला केलास तर तिकडे साडेचार होतात, मग ‘उद्या बघू’ ठरलेलं. आणि त्या तीस-पस्तीस लेखांची यादी मला आज रात्री पाठव. स्क्रीनशॉट नकोत, टाइप करून. लेखकाचं नाव, वर्ष, शीर्षक, आणि असेल तर डीओआय. शनिवारी सकाळी मी बसते आणि जे निघतील ते काढून देते. उरलेल्यांसाठी लेखकांना मेल तू करायच्या, मी नाही.